दरवर्षी तोडूनही घाणेरी पुन्हा का माजते?

प्रश्न गोरेगावातल्या सोसायटीमागच्या टेकडीचा आहे: दर पावसाळ्याआधी माणसं लावून घाणेरी (टणटणी, म्हणजे लँटानाचं काटेरी झुडूप) तोडतात, तरी दिवाळीपर्यंत जाळी पूर्वीपेक्षा दाट.

कारण तोडणीतच आहे. कोयत्याने वरून छाटलं की बुंध्यातून एकाऐवजी पाच-सहा फुटवे येतात. जाळलं तरी तेच. जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तो जाडसर गड्डा जमिनीत राहतो, आणि फुटवा तिथूनच येतो.

म्हणून आधी फांद्या छाटून बुंधा मोकळा करा, मग कुदळीने माती सारून जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर मुख्य मूळ तोडा. झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा. ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते, हे फार जण विसरतात. काटे आकडीसारखे मागे वळलेले असतात, ओढताना कातडी फाडतात; जाड चामडी हातमोजे हवेतच. हिरवी फळं काळी-जांभळी व्हायच्या आत काम उरका, नाहीतर बुलबुल बिया पसरवतात. गुरांना पाला विषारी आहे.

पहिल्या पावसानंतर रोपं उगवतील, ती ओल्या मातीतून हाताने उपटा. निदान दोन-तीन पावसाळे हे करावंच लागतं. मोकळी जागा उघडी ठेवू नका, स्थानिक गवत, करवंद लावा.



जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या.