नवीन पिल्लू आणलं आणि जुना बोका पलंगाखाली जाऊन बसला

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांचा बोका आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि एक लॅब्राडोर. परवा दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू आणलं. ओळख व्हावी म्हणून लगेच बोक्यासमोर ठेवलं तर तो इतका फिसकारला की पिल्लू सोफ्याखाली पळालं आणि बोका तेव्हापासून पलंगाखालीच आहे, खाण्याला तोंड लावत नाही. लॅब शेपटी हलवत पिल्लाच्या मागे मागे असतो. पिल्लू परत देऊन टाकू का?

उत्तर : नका देऊ, एवढ्यात तर अजिबात नको. पण ताई, आधी बोक्याचं बघा, कारण परवापासून खाल्लं नाही ही गोष्ट साधी नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते, जाड मांजरात तर जास्तच, म्हणून आजच डॉक्टरांना दाखवा. आणि तो सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन जोर लावतोय पण शू होत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी न्या, टेन्शनने बोक्यांची लघवी अडकू शकते आणि त्यात जीव जातो.

आता पिल्लू. त्याला एका खोलीत दार लावून ठेवा, आत खाणं, पाणी, लिटर बॉक्स, लपायला एक खोका. एकटं पडेल म्हणून जीव तुटतो आपला, मला कळतं, पण एवढ्याशा जीवाला अख्ख्या घरापेक्षा एक छोटी खोली जास्त सुरक्षित वाटते, तुम्ही दिवसातून चार वेळा जाऊन खेळत बसा म्हणजे झालं. साधारण दोन आठवडे तरी असं ठेवाच, कारण पिल्लाला काही इन्फेक्शन असेल तर ते बहुतेक तेवढ्यात दिसून येतं. डॉक्टरांकडून जंताचं औषध, शी ची तपासणी आणि ल्युकेमिया व्हायरसची (एका मांजराकडून दुसऱ्याला लागणारा व्हायरस) टेस्ट करून घ्या. लसीचे डोस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत चालतात, एका डोसवर थांबू नका, आणि बोक्याचा बूस्टर राहिला असेल तर तोही उरका. अजून एक, लॅबचं पिसवांचं औषध पिल्लाला चुकूनही लावू नका, कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे.

ओळख वासापासून सुरू करायची, मांजरांचं सगळं वासावर चालतं. मऊ फडकं पिल्लाच्या गालावर फिरवायचं (तिथे वासाच्या ग्रंथी असतात) आणि बोक्याच्या खोलीत टाकायचं, बोक्याचं फडकं पिल्लाकडे. बोका हुंगून निघून गेला की समजा पास. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवण द्या, आधी लांब, मग रोज थोडं जवळ, दोघं शांतपणे खायला लागले की दार बोटभर उघडा किंवा जाळी लावा. समोरासमोर भेट सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडा वेळ. फिसकारणं म्हणजे फक्त लांब राहा, त्याबद्दल बोक्याला ओरडू नका. कान चपटे, नजर रोखलेली, शेपूट आपटतोय असं दिसलं तर मध्ये पुठ्ठा धरा, हात घालू नका. कुणाचं पंधरा दिवसांत जमतं कुणाचं दोन-तीन महिन्यांत, घाई केली की उलट मागे जातं. दोन मांजरांना लिटर बॉक्स तीन हवेत, आणि वेगवेगळ्या ठिकाणी, नाहीतर बोका वाट अडवून बसतो.

लॅबची शेपटी हलतेय म्हणजे सगळं ठीक असं नसतं हो, अंग ताठ आणि नजर पिल्लावरच चिकटलेली असेल तर तो शिकारीच्या मूडमध्ये आहे. आधी फिरवून दमवून आणा, लीश लावा, आणि पिल्लाकडून नजर काढून तुमच्याकडे बघितलं की लगेच ट्रीट. पिल्लाला उडी मारून बसता येईल अशी उंच जागा हवीच. खेळता खेळता एक पंजा पडला तरी एवढं पिल्लू मरू शकतं, म्हणून तुम्ही खोलीत नसाल तेव्हा दोघांना एकत्र ठेवू नका, दोस्ती झालीये असं वाटलं तरी पिल्लू मोठं होईपर्यंत नाहीच.

प्रश्न : आमच्या पिल्लाची लव्हबर्ड्सशी मैत्री कशी करून देऊ?

उत्तर : करून देऊच नका. मांजर नुसतं पिंजऱ्यासमोर बघत बसलं तरी पक्षी घाबरून अर्धे होतात, त्यामुळे त्यांची खोली वेगळी आणि दार बंद. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, दात किंवा नख नुसतं लागलं तरी पक्षी एक-दोन दिवसांत जाऊ शकतो, जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, अँटिबायोटिक लागतं.