सोलापूरला बदली झाली आहे. घरच्यांसोबत वर्षभर साधे, बिनखर्चाचे आनंद कसे घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये नाशिकहून सोलापूरला बदली होतेय. घरात आठ वर्षांची मुलगी आहे, सासूबाई आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. तुम्हाला चालायची आणि क्रोशाची आवड, आणि जो तो सांगतोय की तिकडे ऊन आणि धूळ, दुसरं आहेच काय!

माझं माहेर कोकणातलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, आणि पहिला मे महिना जड गेला हे खरंच. पण आज कुणी सोलापूर सोडा म्हटलं तर माझा पाय निघणार नाही. इथलं वर्ष ज्वारीच्या चालीनं चालतं. ती चाल एकदा अंगवळणी पडली की रविवारी मुलीला घेऊन कुठे जायचं हा प्रश्न पडत नाही.

म्हणून पहिलं सांगणं हे, की एकच वाट धरा. दर सुट्टीला नवं ठिकाण शोधू नका. तुम्ही जिथे घर घ्याल तिथली शेवटची कॉलनी संपून रानं सुरू होतात, तिथून आत जाणारी एखादी गाडीवाट बघून ठेवा. जुळे सोलापूर, विजापूर रोड, बार्शी रोड, कुठल्याही बाजूला ती सापडते. रानमालकाला आधी भेटून "मुलीला घेऊन बांधावरून जाऊ का?" एवढं विचारा. नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. उलट दोन-तीन फेऱ्यांनंतर "आज उशीर झाला वहिनी" असं तेच म्हणायला लागतात. कुणी मराठीत बोलेल, कुणी कानडीत. तुमची मुलगी तुमच्याआधी कानडी उचलेल.

जूनमध्ये येताय तर नाशिकसारखा पाऊस मनात धरून येऊ नका. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला. काही रानांत तूर, उडीद, सोयाबीन दिसेल, पण ज्वारीसाठी राखलेली रानं नांगरून मोकळी ठेवलेली असतात. ती ओसाड वाटतात, पण पावसाचं पाणी काळ्या मातीत मुरवून ठेवायचं काम तेव्हा चाललेलं असतं. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरणी होते आणि पुढचं सगळं पीक बहुतेक त्या साठवलेल्या ओलीवर निघतं. हे मुलीला जूनमध्येच दाखवा, म्हणजे डिसेंबरात तिला त्याच रानाचं नवल वाटेल. आणि पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात अजिबात शिरू नका. माती चपलेला धरते आणि दहा पावलांत पाय उचलत नाही. त्या दिवसांत मुरमाड रस्ता बरा. आषाढात शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सोलापुरातून जाते. त्या दिवशी सासूबाईंना खुर्ची टाकून रस्त्याकडेला बसवा आणि मुलीच्या हातून वारकऱ्यांना पाणी द्या.

दसरा झाला की आमच्याकडचे चांगले दिवस सुरू होतात. ज्वारी आधी पोटरीत येते, म्हणजे वरच्या पानाच्या आवरणात कणीस फुगलेलं असतं पण दिसत नाही. मग निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं, फुलोरा येतो, दाण्यात चीक भरतो, आणि चीक घट्ट होऊन दाणा हिरवा पण मऊ असतो त्या थोड्या दिवसांचा हुरडा. एकाच वाटेनं चाललं की हे सगळं डोळ्यांदेखत होतं. माझी मुलगी लहान असताना पोटरीवर हळूच बोट दाबून "आत आहे, आत आहे" म्हणायची. आता ती शिकायला बाहेरगावी असते, पण नोव्हेंबरात फोनवर पहिला प्रश्न "निसवली का?" हाच असतो.

याच दिवसांत भोरड्या या पक्ष्यांचे थवे येतात, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या. कणसांवर पडतात म्हणून शेतकरी वैतागतात आणि त्यांचं बरोबरच आहे, पण संध्याकाळी सगळा थवा एकदम वळतो तेव्हा मोठी माणसंही बोलायची थांबतात. हिप्परग्याचा तलाव तुळजापूर रस्त्यावर आहे, १८७१ साली आदिला नदीवर बांधलेला. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी बघायला जाता येतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. तिथे माळढोक दिसेलच अशी आशा मुलीला लावू नका, ते आता फार फार थोडे उरलेत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण वनखात्याची परवानगी काढून गेलात तर गवताळ माळावर काळवीट हमखास दिसतात. माळरान म्हणजे रिकामी जमीन नव्हे, हे तिथे उभं राहिल्यावर मुलांना न सांगता कळतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती तुम्हाला कुठल्या माहितीपत्रकात मिळणार नाही. डिसेंबरात सकाळी लवकर हरभऱ्याच्या रानाकडे जा. रात्रीचं दव पानांवर असतं, आणि हरभऱ्याच्या पानावरच्या बारीक केसांतून जे आम्ल स्रवतं ते त्या दवात उतरतं. पूर्वी घरोघरच्या बायका पहाटे धुतलेलं पांढरं फडकं त्या झाडांवरून फिरवायच्या, चिंब झालं की भांड्यात पिळायच्या. ती आंब. बाटलीत भरून ठेवायची आणि पोट बिघडलं की चमचाभर पाण्यातून घ्यायची. माझ्या सासूबाई अजून फडकं नेतात. पहिल्यांदा त्यांनी मला बोट चाटायला लावलं तेव्हा माझे दोन्ही डोळे गच्च मिटले होते. चिंच, लिंबू, आमसूल, कशाचीच ती चव नाही. तुमच्या सासूबाईंना फार चालवत नाही, तर रिक्षानं बांधापर्यंत न्या. फडकं फिरवायला गुडघे लागत नाहीत, आणि नातीला काही शिकवायला मिळालं की आज्यांची तब्येत सुधारते हे मी आमच्या घरात पाहिलंय. फक्त रानात औषध मारलेलं नाही ना, हे मालकाला नक्की विचारा. फवारणी झालेल्या रानातली आंब घेऊ नका.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करतात, आत पाच पांडव मांडून पूजा होते, आणि मग जेवण. बेसन घालून शिजवलेली पालेभाज्यांची आणि ओल्या शेंगदाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. ऑफिसातलं कुणी ना कुणी तुम्हाला बोलावणारच. संकोच करू नका, जा, आणि आंबील दोनदा घ्या.

हुरडा संक्रांतीच्या आगेमागे. हल्ली तिकीट काढून हुरडा पार्ट्या होतात, झोपाळे, गाणी, बैलगाडी सगळं असतं. मुलं खूश होतात, पण मला विचाराल तर ओळखीच्या रानात आठ-दहा जणांनी बसून खाल्लेला हुरडा वेगळाच. जमिनीत छोटा खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसं त्या आरात खुपसतात, आणि काळी पडायच्या आत बाहेर काढून गरम गरमच तळहातावर चोळतात. दाणे सुटतात, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि ज्याच्या समोर हात जाईल त्याला द्यायचे. गुळभेंडी नाहीतर सुरती ज्वारीचा मागा, तिचा दाणा गोड आणि चोळला की पटकन सुटतो. भाकरीची मालदांडी वेगळी. तिचा ३५-१ हा वाण आपल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. सोबत शेंगाचटणी, घट्ट दही, गूळ आणि बोरं. पाणी मात्र लगेच पिऊ देऊ नका, आमच्याकडे त्यावर ताक देतात.

आता क्रोशाकडे येते. तुम्ही विचारलंय की एवढ्या उन्हात लोकर हातात धरवत नाही, मग काय करता? लोकर मी फक्त नोव्हेंबर ते जानेवारी काढते. टोपडी, कुंच्या, सासूबाईंचे मोजे तेवढ्यात होऊन जातात. एरवी वर्षभर सुती दोरा. उन्हाळ्यात बारीक दोरा आणि दीड मिलिमीटरची पोलादी सुई, ताटावर झाकायचे रुमाल करायला. कडेला मणी ओवले की पंख्याच्या वाऱ्यानं उडत नाहीत. बाकीच्या दिवसांत जाड सुती दोरा आणि साडेतीन-चारची सुई. मुलीसाठी उन्हाची टोपी आणि पाण्याच्या बाटलीची पिशवी जूनमध्येच विणून ठेवा, दोन्ही चालताना लागतात. हाताला घाम येत असेल तर गडद रंग घ्या.

रानात न्यायला क्रोशासारखं काम नाही. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात, सुई निसटली की ओळच्या ओळ उसवते. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. कुणी "चला, कणसं भाजली" म्हटलं की तो फास जरा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचं. आमच्या शेजारी एक पद्मशाली काका आहेत, त्यांचं आयुष्य मागावर गेलं. सोलापुरी चादरीवरची फुलं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून कशी उतरतात हे त्यांनीच मला समजावलं. ते माझी सुई बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "याचं मशीन नाही निघालं ना अजून?" नाही निघालं, म्हटलं, खरा क्रोशा हातानंच होतो. त्यांना त्याचं फार बरं वाटलं.

मुलीला शिकवायचं असेल तर चौकोनापासून सुरू करा. चार साखळ्या घालून त्यांचं कडं करायचं. मग तीन साखळ्या, त्या पहिल्या खांबाच्या जागी, आणि शेजारी दोन खांब. दोन साखळ्या घालून पुन्हा तीन खांबांचा गट, असे चार गट झाले की पहिली फेरी पुरी. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यातल्या जागेत तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, आणि मधल्या जागांत तीन-तीन. तिथे मुलांचा हात लवकर बसतो, कारण चुकलं की चौकोन लगेच वाकडा दिसतो आणि उसवायलाही सोपा.

आमच्या घरी एका वर्षी आम्ही दर महिन्याचा एक चौकोन केला, त्या महिन्यात वाटेवर जो रंग जास्त दिसला त्याचा. जूनचा काळा सगळ्यांना मान्य होता. सप्टेंबरला तरवडाचा पिवळा. डिसेंबरात भांडण झालं, मुलीला हरभऱ्याच्या फुलाचा जांभळट गुलाबी हवा होता आणि ह्यांना ज्वारीचा हिरवा. शेवटी आत एक आणि बाहेर एक असा केला. फेब्रुवारीत करडई फुलून पिवळ्याची केशरी होते, तो रंग दुकानात मिळेना म्हणून मी दोन दोरे एकत्र धरून विणला. मेसाठी मुलीनं पांढरा निवडला. दुपारी आकाशाला रंगच नसतो, असं तिचं म्हणणं, आणि ते कुणाला खोडता आलं नाही. ती गोधडी अजून सोफ्यावर आहे.

संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चुकवू नका. पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातले मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, पेलून चालतात, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांची फेरी आणि दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. अक्षतेला गर्दी फार असते, लहान मुलीला घेऊन तिथे घुसू नका. पहिल्या दिवशी सकाळी मिरवणुकीच्या वाटेवर कुठेतरी उभ्या राहा, नंदीध्वज अगदी जवळून जातात.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते. चालणं पहाटे साडेपाचला, सातच्या आत घरी. चैत्रात कडुलिंब फुलतो, तेवढ्या वासासाठी उठावं. दिवसभर पडदे ओढून घरात राहायचं, सकाळी गच्चीवर कुरडया, सांडगे घालायचे आणि मुलांना वाटीभर गरम चीक द्यायचा. रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणं. कूलर आधीच घ्या, एप्रिलची वाट बघू नका.

आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं. रोजच्या संध्याकाळसाठी सिद्धेश्वर मंदिर बघा. चहूबाजूंनी तलाव आहे, बसायला भरपूर जागा आहे, आणि भुईकोट किल्ला शेजारीच. विजापूर रोडकडे घर मिळालं तर कंबर तलाव आणि सिद्धेश्वर वनविहार जवळ पडतात, वनविहारात सकाळी मोरांचा आवाज ऐकू येतो. घर ठरवायच्या आधी हे डोक्यात ठेवा. कुठल्या भागात बघताय ते कळवलंत तर तिथून रानाकडे जाणारी जवळची वाट सांगते.