स्वादुपिंडाचं दुखणं आणि रात्रीचे निर्णय

"माझं पोट दुखतंय मॅडम, डोकं नाही. मग मला तुमच्याकडं का पाठवलं?"

वेदना-विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. स्वादुपिंडाचा जुनाट दाह, म्हणजे क्रॉनिक पँक्रियाटायटिस असलेली माणसं तो जरा जास्तच रागाने विचारतात. तो राग मला पटतो. बरीच वर्षं ॲसिडिटी म्हणून औषधं झालेली असतात, मग तपासण्या, ॲडमिट होणं, सलाईन, दुर्बिणीतून केलेले उपचार. एवढं सगळं होऊनही रोज दुखतं, आणि मग कुणीतरी समुपदेशकाकडे जायला सांगतं. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो, की आता हे लोक माझं दुखणं खोटं ठरवणार. म्हणून पहिल्या भेटीत मी आधी एवढंच सांगते, की दुखणं खरं आहे आणि ते मोजायचं यंत्र कुणाकडेही नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांना इथे ताई म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताई 36 वर्षांच्या, कोल्हापूरजवळच्या एका गावात घरी शिवणकाम करणाऱ्या. यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत पाळीवर जातात. घरात सासूबाई आणि आठवीतली मुलगी. चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा वरच्या पोटात कळ उठली आणि थेट पाठीत गेली. पुढे सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या नळीत खडे दिसले. बाहेरून लहरी देऊन खडे फोडले, दुर्बिणीतून काढले, नळी उघडी राहावी म्हणून काही महिने तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक नळकांडी, ठेवला. त्यानंतरचे काही महिने चांगले गेले आणि कळ परत आली. पूर्वी ती झटक्याने यायची आणि जायची, आता ती मुक्कामालाच आली होती. नवा स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, नळी मोकळी आहे.

त्या एका वाक्याने घरात फार नुकसान केलं. नळी मोकळी, तर मग दुखतं कशाला?

सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी मनातलं सरळ सांगितलं, "दुखतंय म्हणती, आणि रातच्या दोन वाजता मशीनवर बसती. दुखणाऱ्या माणसाला शिवण सुचतंय व्हय?" ताई खाली मान घालून बसल्या होत्या. मी विचारलं, मशीनवर बसून नेमकं काय करता? त्या म्हणाल्या, "शिवत न्हाई मॅडम. नुसती वाकून पडते त्याच्यावर. तसं जरा बरं वाटतं."

मी कागदावर चित्र काढलं. स्वादुपिंड जठराच्या मागे, जवळजवळ मणक्याला लागून असतं. पाठीवर उताणं झोपलं की अनेकांचं दुखणं वाढतं आणि पुढे वाकून बसलं की थोडं उतरतं. डॉक्टर या आजाराचा संशय घेतात तो बऱ्याचदा याच सवयीवरून. म्हणजे घरच्यांना ज्यात ढोंग दिसत होतं तीच आजाराची खूण होती. ताईंच्या पोटावर आणि पाठीवर जाळीसारखे तपकिरी डाग होते, तेही सासूबाईंनी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिले. गरम पाण्याची पिशवी महिनोन्महिने त्याच जागी दाबून धरल्याचे ते डाग. हौसेने कुणी कातडी अशी भाजून घेत नाही. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पिशवीला टावेल तर गुंडाळायचा की गं."

मोकळ्या नळीचं उत्तर मी डॉक्टरांसमोरच सगळ्यांना दिलं. स्वादुपिंडाला वर्षानुवर्षं सूज येत राहिली की तिथल्या मज्जातंतूंना इजा होते. ते तंतू, त्यांचे निरोप वर नेणारा मज्जारज्जू आणि निरोप घेणारा मेंदू, तिघेही हळवे होऊन बसतात. ज्या वाडीत एकदा चोर येऊन गेला तिथला कुत्रा पुढे पानाच्या सळसळीवरही भुंकतो. खडे निघाले तरी हे हळवेपण आपोआप जात नाही. त्यावर वेगळे उपचार लागतात, आणि भीती, जागरण, एकटेपण यांनी ते वाढतं. समुपदेशनाचं काम या शेवटच्या भागात आहे. त्याने खडे विरघळत नाहीत आणि तसा दावा करणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण तिने ताईंना कळेइतकंच छळलं होतं. हा आजार दारूने होतो असं नातेवाइकांनी कुठेतरी ऐकलं होतं. दारू हे मोठं कारण आहेच, आणि विडी-सिगारेट आजार वाढवते. पण भारतात दारूला कधी हातही न लावलेले रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातल्या काहींमध्ये जनुकांतला दोष सापडतो, काहींत कारण सापडतच नाही. ताईंनी माहेरच्या लग्नांना जाणं बंद केलं होतं ते या कुजबुजीमुळे.

गोळ्यांचा गोंधळ घरोघरी असतो तसा इथेही होता. दुखणं कमी करायला दिलेलं ट्रॅमाडॉल 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, त्यामुळे दुकानदार चिठ्ठी नीट पाहतो, कधी संशयानेही बघतो. सवय लागेल या भीतीने ताई गोळी अगदी सहन होईनासं होईपर्यंत लांबवायच्या. तोवर उलट्या सुरू झालेल्या, गोळी पोटात टिकायची नाही, मग घाबरून दुसरी घ्यायच्या. सवयीची भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली मात्रा आणि डॉक्टरांकडे नियमित हिशेब. रात्रीसाठी दिलेली प्रीगॅबालिन तर त्यांनी बंदच केली होती. "फिटची गोळी हाय म्हणाला दुकानदार. मला कुठं फिट येतीय?" हे औषध फिटसाठी वापरतात हे खरं, पण हळव्या झालेल्या मज्जातंतूंसाठीही वापरतात, आणि या आजारात काही जणांना त्याने थोडा आराम पडतो. डॉक्टरांनी ते समजावून परत सुरू केलं. ट्रॅमाडॉलबरोबर त्याने गुंगी वाढते, श्वासही मंदावू शकतो, म्हणून मनाने एकही जादा गोळी घ्यायची नाही, हे यजमानांसमोर बजावलं. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा. मी फक्त बघते की घरी पोचेपर्यंत तो निर्णय बदलत नाही ना.

खाण्याच्या बाबतीत ताईंनी स्वतःवर भलतीच कडक शिक्षा लादून घेतली होती. तेल-तूप बंद, मुगाची पातळ आमटी आणि भात, बस्स. वजन 38 किलोवर आलेलं. त्यात चतुर्थीला दिवसभर निरंकार आणि रात्री दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. उपाशी पोटी एकदम जड खाणं, तेही झोपायच्या आधी! आहारतज्ज्ञांनी घडी बदलली. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, पुरेशी प्रथिनं, स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद न करता सोसतील तेवढे, आणि रात्रीचं जेवण लवकर. पाचक एन्झाइमची कॅप्सूल ताई जेवण झाल्यावर, आठवलं तर घ्यायच्या. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते, कारण अन्नात मिसळली तरच तिचं काम होतं. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि सोमवारी त्या ती टाळायच्या. मी ते नाकारलं नाही, ते खरंच आहे. निर्णय त्यांच्यावर सोडला. सासूबाईच म्हणाल्या, "देवाला औषध चालतं."

आता रात्र. माझ्या मते या आजारात माणूस खचतो तो रात्रीच्या दुखण्यापेक्षा रात्री एकट्याने घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांनी. दोन वाजता कळ उठते आणि प्रश्न सुरू होतात. गोळी आत्ता घेऊ की थांबू? यांना उठवू का? यांना पाचला उठायचंय. हे नेहमीचंच आहे की काही वेगळं? दवाखान्यात गेलो आणि काहीच निघालं नाही तर? अर्धवट झोपेत, वेदनेत, घाबरलेल्या मनाने कुणालाच नीट ठरवता येत नाही. म्हणून ते सगळं दिवसा, तिघांनी बसून, डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

आम्ही एका दुपारी ते लिहून काढलं. कळ उठली की आधी उठून बसायचं, मांडीवर उशा रचून त्यांवर पुढे वाकायचं. टॉवेलात गुंडाळलेली पिशवी थोडा वेळ ठेवायची, मग काढायची. श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. याने कळ जात नाही, पण कळेभोवती आवळलेलं अंग सैल पडतं आणि तेवढ्यानेही फरक पडतो. फोन हातात घ्यायचा नाही, इंटरनेटवर आजार शोधायचा नाही. जादा गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेनंतरच. ताईंनी बोटावर मोजून कळ दहापैकी सातच्या वर सांगितली की यजमानांना उठवायचं, आणि त्यात अपराधी वाटून घ्यायचं नाही, कारण ते त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. त्यांनी उठून पिशवी भरायची, ताप पाहायचा, शेजारी बसायचं. "आता कसं वाटतंय" हे सारखं विचारायचं नाही. ताप, थांबत नसलेली उलटी, पिवळे डोळे, काळी शौच किंवा नेहमीपेक्षा वेगळं, न उतरणारं दुखणं यांपैकी काही असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

यजमानांबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. पहिल्या भेटीत ते चिडलेले होते, त्यांच्या आवाजात कंटाळा होता. पण एकटे बोलायला बसल्यावर म्हणाले, "मी काय करायचं तेच कळत न्हाई मॅडम. ती कण्हती आणि मी भिंतीकडं तोंड करून पडतो. झोप कुठली लागतीय." बायकोला वाटत होतं हा झोपलाय. बारा वर्षांच्या आजारात या माणसाला त्याचं काम कुणी नेमून दिलं नव्हतं. कागदावर ते आल्यावर घरातली अर्धी भांडणं मिटली.

ताईंशीही मी एकटीने बोलले आणि थेट विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट ओझं उतरतं. त्या रडल्या. सकाळ होऊच नये असं रात्री वाटतं, म्हणाल्या, गोळ्यांची पट्टी हातात धरून बसले होते एकदा. त्या दिवसापासून गोळ्या यजमानांकडे, एका वेळी दोन दिवसांच्याच बाहेर. मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात झाली. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो कागदावर सगळ्यांत वर लिहिला. हे वाचणाऱ्या कुणाला तसं वाटत असेल तर आजच घरच्या एका माणसाला सांगा आणि हा नंबर लावा.

दिवसाचं एकच सांगते. बरं वाटलं की ताई लगीनसराईचे ब्लाऊज एका बैठकीत संपवायच्या आणि पुढचे दोन दिवस आडव्या. आता थोडं शिवायचं, उठायचं, मग परत बसायचं. बरं वाटत असतानाही उठायचं, हे त्यांना सर्वांत जड गेलं. गिऱ्हाइकाला तारीख देताना दोन दिवस पदरी धरून देतात.

दुखणं गेलेलं नाही. महिन्यातल्या काही रात्री अजूनही उशांवर वाकून जातात. पण सलग झोप लागते अशा रात्री वाढल्या आहेत, वजन 42 किलो झालं आहे, आणि माहेरच्या एका लग्नात त्या हळदीपासून वरातीपर्यंत होत्या. मध्येच कुणीतरी त्यांना सांगितलं की काही वर्षांनी ग्रंथी पूर्ण निकामी होते आणि दुखणं आपोआप थांबतं, तोवर कळ काढा. ही समजूत जुनी आहे. काहींचं दुखणं कमी होतं, अनेकांचं होत नाही, आणि तिच्या भरवशावर उपचार लांबवणं योग्य नाही. नेदरलँड्समधल्या 88 रुग्णांचा एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी दुर्बिणीचे उपचार झालेल्यांपेक्षा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना पुढच्या दीड वर्षात वेदना कमी होत्या. ते रुग्ण नळी रुंदावलेले होते, म्हणून हे सगळ्यांना लागू होत नाही. पण विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या महिन्यात ताई आणि यजमान शस्त्रक्रियातज्ज्ञांना भेटणार आहेत. विचारायचे प्रश्न वहीत लिहिलेत, अक्षर मुलीचं आहे. नळी परत रुंदावली आहे का, शस्त्रक्रियेने माझ्यासारखीला फरक पडेल का, रक्तातली साखर किती दिवसांनी तपासायची, आणि ऑपरेशननंतर पायमशीन कधी चालवता येईल.