इमर्जन्सी फंड काढून बेसबॉलच्या प्रॉस्पेक्ट कार्डांत घालू का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि रात्री परत एकदा वाचलं. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. हे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात, आयटीत आहेत, एच-वन-बी वर, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या लाइनीत, वहिनी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगा अकरा वर्षांचा आणि बेसबॉलवेडा. बँकेत अडीनडीला म्हणून 24,000 डॉलर ठेवलेत. गेल्या वर्षी ऑफिसातल्या मित्राच्या नादाने 600 डॉलरची प्रॉस्पेक्ट कार्डं घेतली, म्हणजे जे पोरगे अजून मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, खेळलेलेच नाहीत त्यांची सही असलेली कार्डं, आणि त्यातलं एक 1,100 ला गेलं. आता 20,000 घालायचे आणि दोन वर्षं मुलाच्या 529 मध्ये, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, पैसे भरायचं थांबवायचं असं डोक्यात आहे, वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

माझं मत आधीच सांगतो. हे पैसे यात घालू नका. पण नुसतं नको म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, कारण तुम्ही अभ्यास केलाय हे पत्रातनं दिसतंय, म्हणून नीट लिहितो.

तुम्ही माइक ट्राउटचं उदाहरण दिलंय, 2009 च्या बोमन क्रोम या कार्ड-मालिकेतलं त्याचं सुपरफ्रॅक्टर, म्हणजे जगात एकच असलेलं कार्ड, 2018 ला 4 लाख डॉलरला घेतलं गेलं आणि ऑगस्ट 2020 ला 39 लाख 36 हजारांना विकलं गेलं. खरंय सगळं. पण तारखा बघा ना. 2018 ला ज्याने घेतलं त्याने प्रॉस्पेक्ट घेतलाच नव्हता, तोपर्यंत ट्राउट 2014 आणि 2016 चा एमव्हीपी, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, होऊन बसला होता, आपल्या पिढीतला सगळ्यात भारी खेळाडू हे सगळ्यांना दिसत होतं. आणि विकलं ते कोविडमधल्या तेजीत, लोक घरात बसून होते, हातात पैसा होता आणि कार्डांचे भाव पेटले होते तेव्हा. तुम्ही जे करू बघताय ते म्हणजे 2009 मध्ये ट्राउट ओळखणं, आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, त्याच्या आधी 24 पोरं उचलली गेली होती, ज्यांचं पोटच या कामावर चालतं अशा स्काउट लोकांकडून. तेव्हा 20,000 डॉलर घेऊन बसलेल्या माणसाने त्या आधीच्या पोरांची कार्डंसुद्धा घेतली असतीच ना.

आणि माझ्या मते खरा मुद्दा यापुढचा आहे. समजा तुमची निवड बरोबर आली, पोरगा चांगला निघाला, तरी पैसे मिळतीलच असं नाही, कारण कार्डाच्या भावात तो चांगला निघणार ही आशा तुम्ही घेता तेव्हाच भरलेली असते. स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरचं बघा. 2009 च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, त्याचं 2010 चं बोमन सुपरफ्रॅक्टर त्याने मेजर लीगमध्ये एक बॉल टाकायच्या आधी ईबेवर 16,000 डॉलरच्या वर गेलं. 8 जून 2010 ला पहिल्याच सामन्यात 14 स्ट्राइकआउट. त्या आठवड्यात त्याची साधी कार्डंसुद्धा लोक वाट्टेल त्या भावाला घेत होते. ऑगस्ट संपता संपता कोपर गेलं, टॉमी जॉन सर्जरी झाली, भाव कोसळले. पुढे तो परत आला, 2019 ला वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला, 245 मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि त्या कॉन्ट्रॅक्टवर फक्त 8 सामने टाकू शकला. म्हणजे करिअर वाईट अजिबात नाही हो, वर्ल्ड सिरीज एमव्हीपी किती जणांना मिळतो, पण जून 2010 चा भाव वसूल व्हायला तो नुसता चांगला निघून भागणार नव्हतं, तो सार्वकालिक महान निघायला हवा होता.

तुमच्या घराजवळचंच उदाहरण देतो. ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात, न्यूयॉर्क यांकीजची डबल-ए टीम, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालची, तुम्ही मुलाला घेऊन गेलाही असाल. हासोन डोमिंगेझ तिथे खेळलाय. सोळाव्या वर्षी यांकीजनी 5.1 मिलियन देऊन साइन केला होता, 2020 च्या बोमनमध्ये सगळे त्याच्याच मागे होते. 1 सप्टेंबर 2023 ला यांकीजकडून पहिल्यांदा बॅट हातात घेतली आणि पहिल्याच खेपेला जस्टिन व्हर्लँडरला होमरन मारला, याहून चांगली सुरुवात कोण लिहू शकेल? त्याच महिन्यात कोपराची सर्जरी. आणि पोरगा मेजर लीगला पोचला तरी तेजीत कार्ड घेतलेल्यांचे भाव खालीच राहिले.

जे पोचलेच नाहीत, उशिरा पोचले किंवा पोचून टिकले नाहीत त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ब्रायन टेलर, 1991 चा पहिला नंबर, भांडणात खांदा गेला आणि मेजर लीगचा एकही सामना नाही. मार्क अपेल 2013 चा पहिला नंबर, पोचला 2022 ला. वँडर फ्रँकोवर तर क्लबनेच 182 मिलियन लावले होते, अल्पवयीन मुलीच्या प्रकरणातली चौकशी निघाली आणि ऑगस्ट 2023 नंतर तो मेजर लीगमध्ये उतरलेला नाही. जो क्लब त्याला रोज बघत होता त्यालाही हे दिसलं नाही, आपण इथे बसून काय ओळखणार. एक साधा हिशोब करा, 30 टीम, प्रत्येकीत 26 जण, म्हणजे 780 जागा. ड्राफ्टमधूनच दर वर्षी सहाशेच्या आसपास पोरं येतात, वर लॅटिन अमेरिकेतनं साइन केलेली वेगळी, आणि जागा काही वाढत नाहीत.

आता खर्च. यावर तुम्ही पत्रात एक ओळसुद्धा लिहिलेली नाही आणि इथेच माणूस मार खातो. समजा 400 चं कार्ड घेतलं, न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स 6.625 टक्के, म्हणजे 426.50 गेले. भाव 25 टक्के चढला, 500 ला विकलं, ईबेची फी साधारण 13 टक्के धरली तर 65, पाकीट-पोस्टाचे 6, हातात आले 429. पंचवीस टक्के भाव चढून तुम्हाला अडीच डॉलर सुटले, आणि यात ग्रेडिंगचा, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा लावून घेण्याचा, खर्च धरलेलाच नाही. वर जो काही फायदा दिसेल त्यावर टॅक्स, वर्षाच्या आत विकलं तर पगारासारखा, वर्षानंतर विकलं तर कलेक्टिबलच्या नियमाने 28 टक्क्यांपर्यंत, शेअरसारखा 15 किंवा 20 नाही. आणि छंद म्हणून घेतली असं धरलं गेलं तर तोटा वजा करता येत नाही. आधी सीपीएशी, म्हणजे तिथल्या सीएशी, बोला.

सप्लायचं पण बघा. सही असलेल्या रिफ्रॅक्टरवर, म्हणजे चमकत्या कार्डावर, 499 चा नंबर असतो, म्हणजे तेवढीच छापलेली, मग पर्पल 250, ब्लू 150, ग्रीन 99, गोल्ड 50, ऑरेंज 25, रेड 5, असं करत एकावर येतं. लोकांना ही उतरंड बघून वाटतं की दुर्मिळ आहे. पण साध्या सहीच्या कार्डावर नंबरच नसतो, किती छापलीत ते बाहेरच्याला कळत नाही, आणि तुमच्या बजेटमध्ये जास्त करून तीच येणार. मग पोराचा डेब्यू झाला की रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू, असा लोगो असलेलं नवीन कार्ड बाजारात येतं आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं.

पण दादा, हे सगळं बाजूला ठेवलं तरी मी नको का म्हणतोय ते तुमच्या व्हिसामुळे. नोकरी गेली तर एच-वन-बी वर तुम्हाला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत नवीन नोकरी शोधायची, भाडं भरायचं, इन्शुरन्स बघायचा, वकिलाची फी द्यायची, आणि काही जमलं नाही तर मुलाची शाळा अर्ध्यात सोडून तीन तिकिटं सामानसुमानासकट काढायची वेळ येऊ शकते, ते 24,000 त्यासाठी आहेत. कार्डं साठ दिवसांत धड विकली जात नाहीत, ऑक्शनला द्यायची तर पैसे हातात यायला महिने जातात, घाईत विकायची तर डीलर भाव पाडूनच मागणार. ग्रेडिंगला गेलेली असली तर हातातच नाहीत, मार्च 2021 ला पीएसए या ग्रेडिंग कंपनीकडे एवढे ढीग साचले की त्यांनी बऱ्याचशा सर्व्हिस बंद ठेवल्या, लोकांची कार्डं तिथे अडकून पडली आणि परत आली तेव्हा बाजार उतरलेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे दोन्ही एकदमच होतं. 2022 मध्ये आयटीत लेऑफ सुरू झाले तेव्हाच कार्डांचा बाजारही खाली होता, कारण घेणारी माणसं तुमच्या-आमच्यासारखीच नोकरदार असतात. त्या वर्षी माझ्याकडच्या एका घरात हेच झालं, कपाटात डबे भरून कार्डं आणि बँकेत दीड महिन्याचे पैसे. त्या वहिनींचा फोन मला अजून आठवतो, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

अजून एक, आणि हे तुमच्या मित्राला लागू नाही कारण तो सिटिझन आहे असं तुम्ही लिहिलंय. चार कार्डं घेऊन ठेवली आणि पुढे कधीतरी विकली, ही गुंतवणूक झाली. पण दर आठवड्याला घ्यायची, ग्रेडिंगला पाठवायची, लिस्टिंग टाकायची, पार्सलं करायची, हा धंदा दिसायला लागतो, आणि एच-वन-बी वर स्पॉन्सर कंपनीचं काम सोडून दुसरं काम चालत नाही. 20,000 डॉलर फिरवायचे म्हणजे हेच होणार. रेषा नेमकी कुठे आहे ते इमिग्रेशन वकिलाला विचारा, ग्रीन कार्डच्या लाइनीत इतकी वर्षं काढून यापायी अडचण नको.

मग काय करायचं? आधी वहिनींना सांगा, आजच, हे पैसे दोघांचे आहेत. 24,000 ला हात लावू नका, फक्त साध्या अकाउंटला पडून असतील तर हाय-यील्ड सेव्हिंग्जला हलवा. 529 चालू ठेवा, कॉलेजला सातच वर्षं आहेत. कार्डांसाठी वर्षाला 1,000 डॉलर बाजूला काढा, पगारातनं, आणि ते खर्च झाले असं धरूनच चला, सिनेमा-हॉटेलसारखे. त्यातही लाइव्ह ब्रेक, म्हणजे ऑनलाइन सगळ्यांसमोर कार्डांचे डबे फोडतात ते, नको, तिथे माणूस टीमवर पैसे लावतो आणि हातात काय येईल ते नशिबावर, अकरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून ते बघू नका असं मी स्पष्टच सांगेन. घ्यायचं तर एक कार्ड, आधीच ठरवलेल्या भावाने, आणि पोरगा मेजर लीगला बोलावला गेल्याची बातमी आली की लोक तुटून पडतात तेव्हा विकायचं. शेवटपर्यंत धरून बसायचं नाही.

त्या 1,100 मधनं 600 मुद्दल वजा जाता सुटलेले 500 हेच या वर्षीचं अर्धं बजेट धरा. गेल्या वर्षीच्या पावत्या काढून एका पाकिटात ठेवा, टॅक्स भरताना लागतील. आणि उरलेल्या कार्डांतलं कुठलं विकायचं ते ठरवायच्या आधी मुलाला विचारा, कदाचित त्यातलं एखादं त्याला ठेवायचं असेल, ब्रिजवॉटरला सही घ्यायला न्यायचं असेल.