मुलीला इतिहासात पदवी करून मेडिकलला जायचंय. आम्ही न्यू जर्सीत राहतो. परवडणाऱ्या कॉलेजांची यादी कशी करावी?

इतिहासामुळे तिचं काही अडणार नाही. अमेरिकेत मेडिकल स्कूलला मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलाही चालतो. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स लॅबसकट झालेलं आणि एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, चांगली गेलेली मात्र हवी. तुमच्या यादीत पहिलं नाव न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ रटगर्स, राज्यातल्यांना फी कमी. मग अलाबामा विद्यापीठासारखी, मार्कांवर आपोआप स्कॉलरशिप देणारी. महागडी खासगी कॉलेजं लगेच खोडू नका. त्यांच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल, याचा अंदाज देतं) तुमचं उत्पन्न घालून बघा, आकडा कधीकधी सरकारीपेक्षा कमी निघतो. पुढे मेडिकलची चार वर्षं आ वासून उभी आहेत, तेव्हा बीएसाठी कर्ज काढायला माझा तरी विरोधच. आणि ‘आमची बहुतेक मुलं मेडिकलला लागतात’ म्हणणाऱ्या कॉलेजला विचारा, कमिटी लेटर, म्हणजे मेडिकलच्या अर्जासाठी कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र, किती जणांना नाकारलंत?