एनआयसीयूमधून (नवजात बाळांच्या आयसीयूतून) पावणेदोन किलोचं बाळ घरी येतंय, काय काळजी घ्यावी?

पहिलं म्हणजे बारसं पुढे ढकला, कोणी रुसलं तर रुसू दे. धुरी, गुटी, मध, नाकाकानात तेल सगळं बंद, आजी कितीही म्हणाली तरी. त्यापेक्षा कांगारू केअर करा, म्हणजे नुसत्या लंगोटात बाळ उघड्या छातीवर उभं धरायचं, डोक्याला टोपी, वरून शाल, बाबाने केलं तरी चालतं (बाबालोक लाजतात उगाच). पाय गार लागले तर टेंपरेचर बघा, काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवं. डोळ्याच्या पडद्याची आरओपी तपासणी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या नीट वाढतायत ना, ते बघणारी) जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, राहिली असेल तर आजच अपॉइंटमेंट घ्या. दूध ओढेना, ओठ निळे पडले किंवा श्वास घेताना छाती आत खेचली जातेय तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.