मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या माणसाशी लग्न ठरलंय. बायकांना या छंदाचं खरंच काय वाटतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा चांगला, नोकरी बरी, व्यसन नाही, पण घर बघायला गेलात तर अर्ध्या खोलीत आगगाडी मांडलेली. तुमची आई म्हणते, पोरखेळ आहे, लग्न झालं की सुटेल. तुम्ही विचारताय की सुटतं का, आणि नाही सुटलं तर बायको ते कसं चालवून घेते.

सुटत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे आईंच्या भरवशावर राहायला नको. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात नवऱ्याने सिगरेट सोडली, दोन नोकऱ्या सोडल्या, भातही जवळजवळ सोडला. गाडी आहे तिथेच आहे.

आता बायकोला काय वाटतं. पहिल्या वर्षी मला गंमत वाटायची, पाहुण्यांना हौसेने दाखवायचे. मग पाच-सहा वर्षं अक्षरशः डोकं फिरायचं. आता राग येत नाही, पण आवड लागली म्हणाल तर तीही नाही. कुणाच्या घरी मोठा कुत्रा असतो ना, तसं. आपण आणलेला नसतो, पण त्याच्या वेळा आपल्याला पाठ असतात.

आमच्याकडचं मूळ कर्जतला आहे. सासरे रेल्वेत गार्ड होते. (२०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. सासरे असते तर हसले असते.) नवऱ्याचं लहानपण कर्जतच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना तिथे मागून बँकर इंजिनं लागतात, कारण पुढे खंडाळ्याचा घाट, सदतिसास एक असा चढ, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढचं इंजिन ओढणार, मागची ढकलणार. गार्डचा डबा शेवटचा, म्हणजे ढकलणारी इंजिनं थेट सासऱ्यांच्या पाठीशी. नवरा सांगतो, ती मागून येऊन टेकली की डब्याला जो हिसका बसायचा तो त्याला अजून आठवतो. लोक फलाटावर वडे खायचे आणि हे महाशय इंजिनं जोडताना बघत उभे. त्यामुळे त्याच्या मांडणीत स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर वगैरे नाहीत. त्याला कर्जत ते लोणावळा पाहिजे, टू बीएचकेच्या दुसऱ्या बेडरूममध्ये.

आणि इथे गणित आडवं येतं. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं, कारण यातली निम्मी भांडणं इंचांवरून होतात. आमच्याकडे एचओ स्केल आहे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकं. त्यात गाडी वळवायला किमान छत्तीस इंच व्यासाचं वळण लागतं, म्हणून प्लायवूडची आठ बाय चार फुटांची अख्खी शीट लागते. एक रूळ दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यायचा तर तीन इंच तरी उंची हवी. खऱ्या घाटाचा चढ ठेवायचा तर तीन इंच चढायला एकशे अकरा इंच, म्हणजे सव्वानऊ फूट लागतात आणि उतरायला परत तेवढेच. त्यात स्टेशन, बोगदे, यार्ड कुठे बसवणार? एका रविवारी नवरा हे सगळं कागदावर मांडून माझ्याकडे आला आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "हॉलच्या भिंतीला एक छोटं भोक पाडलं तर बोगदाही होईल."

मी माहेरी गेले. चारच दिवस, पण गेले.

भिंत शाबूत आहे. पण त्या वेळी जे बोलणं झालं त्यात मला पहिल्यांदा कळलं की मला राग नक्की कशाचा येतो. त्याच सुमारास तो महिनाभर तीन मिलिमीटरवरून झोप घालवत होता. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग साधारण १९.३ येतो आणि बाजारात मिळणारा एचओ रूळ असतो १६.५. म्हणजे भारतीय डबा त्या रुळावर बारीक पायांवर जाड माणूस उभा राहिल्यासारखा दिसतो. मला तर दिसत नाही, त्याला दिसतो. आणि आमच्या बाथरूमचं दार दोन पावसाळे फुगून चौकटीत अडकत होतं. तेही तीनच मिलिमीटर. त्या तीन मिलिमीटरसाठी सुतार बोलवायचा होता, रंधा मारायचा होता. तो झाला नाही. त्या चार दिवसांत आईच्या गच्चीत बसून मला हे लक्षात आलं की गाडी मेली तिच्या जागी ठीक आहे. माणसाकडे चिकाटी आहे, बारकावा आहे, हात आहे, आणि ते सगळं एका खोलीत संपतं, हे मला झोंबतंय. परत आल्यावर मी त्याला भोकाबद्दल काही बोलले नाही, दाराबद्दल बोलले. दार त्याने स्वतः रंधलं, आणि खोटं कशाला सांगू, सुतारापेक्षा चांगलं रंधलं.

पैशाचं प्रकरण मात्र वेगळं, ते जास्त लागलं. या छंदातल्या लोकांत जगभर एक विनोद फिरतो: मला मरणाची भीती नाही, भीती एवढीच की मी गेल्यावर बायको इंजिनं मी तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकेल. नवऱ्याच्या ग्रुपवर हा आला, त्याने मला वाचून दाखवला, दोघंही हसलो. मग मी सहज विचारलं, "ते डिझेल इंजिन साडेचार हजारांचं ना?" तो जरा जास्तच वेळ गप्प राहिला. ते साडेअठरा हजारांचं होतं. त्या महिन्यात मी लेकीच्या शाळेच्या सहलीचे पैसे दोन हप्त्यांत भरले होते.

त्यानंतर चिडणं, रडणं सगळं झालं. ते लिहीत बसत नाही. ठरलं ते असं की दर महिन्याला ठराविक रक्कम त्याच्या वेगळ्या खात्यात जाते आणि त्यातून त्याने डबा घ्यावा की डोंगर, मी विचारत नाही. तेवढीच रक्कम माझ्याही खात्यात जाते आणि तोही विचारत नाही. या दुसऱ्या वाक्यासाठी मला तीन महिने हट्ट धरावा लागला. तुम्ही लग्नाआधीच धरा.

किमती का वाढल्यात हेही ऐकून ठेवा, म्हणजे तो कुरकुरला तर ते नाटक नाही हे कळेल. चांगली इंजिनं जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान इथल्या कंपन्यांची, म्हणजे बाहेरूनच येतात. सरकारच्या लेखी ती खेळणी. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. इथल्या दुकानदाराने मागवलेला माल तेवढ्याने चढला. मला विचाराल तर सरकारचे आभार. आमच्या घरी त्यानंतर विकत घेणं कमी झालं आणि बनवणं वाढलं. निळ्या डब्यांच्या बाजू संगणकावर आखून, छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून आख्खी गाडी तयार झाली. जुनी निळी-पांढरी डेक्कन क्वीन आहे ती. लांबून खरी वाटते. जवळून बघू नका म्हणतो.

माझं स्वयंपाकघरही त्यात ओढलं गेलं. चहाचा चोथा वाळवून, चाळून डोंगरावर माती म्हणून लागतो. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं होतात. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की गवत. दिवाळीत आपण किल्ला करताना अळीव पेरायचो तेच हे, फक्त हा किल्ला तुळशीचं लग्न झालं तरी मोडत नाहीत. सासूबाईंना हे इतकं ओळखीचं वाटतं की त्या चोथा आपणहून बाजूला काढून ठेवतात.

सासूबाईंचं मत ऐकण्यासारखं आहे. मी एकदा तक्रार केली की हा रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत त्या खोलीतून बाहेर येत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, माझा खऱ्या गाडीवर असायचा. महिन्यातल्या निम्म्या रात्री घरी नाही. पावसात घाटात दरड पडली की डोळ्याला डोळा लागायचा नाही. तुझा निदान भिंतीपलीकडे आहे." मी म्हटलं, "आई, पण खऱ्या गाडीचा पगार यायचा." त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला साडेनऊला हाक मारली, आणि नाही आला तेव्हा त्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद केला. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

यात आपण एकट्या आहोत असं समजू नका. हँबर्गमध्ये मिनिआतूर वुंडरलँड म्हणून जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे आहे, २००१ साली ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी सुरू केलेली. सुरू करण्याआधी त्यांनी इंटरनेटवरून लोकांना विचारलं होतं की शहरातल्या खऱ्या आणि काल्पनिक आकर्षणांपैकी तुम्हाला काय बघायला आवडेल. पुरुषांनी मॉडेल रेल्वेला अगदी वर ठेवलं आणि बायकांनी पार तळाला. तरीही त्यांनी ती बांधली, आणि आता वर्षाला दहा लाखांवर माणसं बघायला जातात. त्यांनी गाड्यांभोवती गावं, माणसं, लग्नं, अपघात, विमानतळ असं सगळं जग उभं केलं. नवरा हे उदाहरण मला छंदाच्या बाजूने देतो. मी त्याला सांगते, बायकांचं म्हणणं ऐकलं म्हणून चाललं ते.

तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर होणाऱ्या नवऱ्याबरोबर कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेलं आणि बनवलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. अंधार करून दिवे लागतात, सगळ्या गाड्या एकदम सुरू होतात, आणि लहान मुलांपेक्षा बापच जास्त पुढे सरकतात. तिथे गाड्या बघू नका, त्याच्याकडे बघा. तो तुम्हाला काय चाललंय ते सांगतोय, की तुम्ही बरोबर आहात हेच विसरलाय? आमचा तेव्हा विसरला होता. मी बाहेर येऊन वीस मिनिटं उभी होते. खूण तिथेच दिसली होती, मला वाचता आली नाही इतकंच.

मला रस नाही म्हणते, पण एक काम मी करते. या गाड्यांबरोबर मिळणारी माणसं सगळी युरोपातली, कोट-टोप्या घातलेली. कर्जतच्या फलाटावर ती कशी चालतील? त्यातल्या झग्यातल्या बायकांना मी टूथपिकने आणि नेलपॉलिशने साड्या नेसवते. एक बाई अठरा मिलिमीटरची. माझी उंची पाच फूट दोन इंच, त्या मापात मीही बरोब्बर तेवढीच होते. आतापर्यंत एकतीस जणी झाल्यात. नवऱ्याने एकदा काठ जाड झालाय अशी खोट काढली, तेव्हा ब्रश त्याच्या हातात देऊन मी उठले. पुन्हा काढलेली नाही.

म्हणून आता तुम्ही त्याला काय विचारायचं ते सांगते. "मी महत्त्वाची की गाडी" हे विचारू नका, त्याला कुणीच खरं उत्तर देत नाही. सगळ्यात महाग इंजिन केवढ्याचं, हे विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. रूळ कोण पुसतं ते विचारा. रुळातूनच वीज जाते, बारा व्होल्ट, आणि धूळ बसली की गाडी अडते, म्हणून दर आठवड्याला स्पिरिट लावून पुसावे लागतात. आत्ता त्याची आई पुसत असेल तर पुढे तुम्ही पुसणार. मूल झालं तर ती खोली कुणाची, हे आत्ताच बोलून घ्या. आमच्याकडे लेक दहावीत गेली तेव्हा हा प्रश्न आला आणि आता मांडणी दिवाणाखाली चाकांवर सरकते. तिचे दोन तुकडे करताना नवऱ्याचा चेहरा मला बघवला नव्हता, पण करवत त्यानेच धरली होती.

आणि एक, अगदी व्यवहाराचं. वायरी जोडताना सोल्डरिंगचा धूर होतो आणि त्याचा वास पडद्यांना बसला की आठवडाभर जात नाही. पुढच्या वेळी त्या घरी जाल तेव्हा त्या खोलीला खिडकी आहे का, आणि ती उघडते का, ते बघून या.